माझ्या पानावरचं भोक

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे. ज्यू लोकांच्या तालमूद या मोठ्या ग्रंथाचा एक खंड. माझ्या पानाच्या मधोमध जुना मजकूर असतो आणि त्याच्याभोवती पुढच्या काळातल्या पंडितांचे वाद. म्हणून मला वाचायला दोघं लागतात. एकाने वाचायचं, दुसऱ्याने प्रश्न विचारून अडवायचं.

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या शनिवारची विश्रांती पाळली, पण मी त्यांच्याकडे फार उशिरा आलो. रत्नागिरीच्या रहमिम झिराडकर मास्तरांच्या वडिलांनी मला मुंबईहून आणलं. ते वारल्यावर मी वीस वर्षं ट्रंकेत पडून होतो. दमट हवेत मला कसर लागली.

१९८४ साली मास्तर निवृत्त झाले आणि त्यांनी मला बाहेर काढलं. पण त्यांची बहुतेक माणसं इस्राएलला निघून गेली होती. जोडीदार कुठून आणायचा?

शेवटी शेजारचे भागोजी जाधव येऊ लागले. ते टपाल कचेरीत पत्रांवर शिक्के मारत. घर बौद्ध. त्यांच्या आज्याला शाळेत दाराबाहेर बसवत असत. मास्तर मराठीत अर्थ सांगत आणि भागोजी विचारत, “भरतीनं मांडवीच्या वाळूत लाकूड आणून टाकलं, तर ते कुणाचं हो, मास्तर?”

“अहो, हाच प्रश्न इथे विचारलाय!” मास्तर आनंदाने म्हणत.

भागोजींनी गुपचूप माझी हिब्रू अक्षरंही शिकून घेतली. एका शनिवारी दुपारी मास्तरांचे पुतणे मुंबईहून आले होते. भागोजींनी माझ्या ओळीवर बोट ठेवलं आणि हळूहळू वाचू लागले. एका शब्दात ‘दालेत’च्या जागी त्यांनी ‘रेश’ वाचलं. या दोन अक्षरांत फरक असतो तो फक्त एका कोपऱ्याचा.

मास्तर पटकन बोलून गेले, “भागोजी, हे पाकिटावर शिक्के मारणं नव्हे. तुमचं काम नाही हे.”

पुतणे हसले. भागोजींनी बोट उचललं, चपला घातल्या आणि निघून गेले.

मित्रांनो, भागोजी चुकले नव्हते. तो कोपरा कसरीने खाल्ला होता. चूक माझ्या अंगावर होती आणि मला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला उन्हात धरलं. त्या अक्षरातून ऊन आरपार आलं. त्यांनी ते भोक घरात दाखवलं. त्यांच्या पत्नी सिम्हाबाई म्हणाल्या, “चारचौघांत बोललात ना? मग माफीही चारचौघांतच मागा.” चारचौघांत माणसाची मान खाली घालायला लावणं किती मोठं पाप, हे माझ्याच पानांत आहे. मास्तरांनी ते कितीदा वाचलं होतं!

सोमवारी ते मला काखेत घेऊन टपाल कचेरीत गेले. खिडकीपुढे रांग होती. सगळ्यांसमोर ते म्हणाले, “भागोजी, तुम्ही बरोबर वाचलंत. मी तुमचा अपमान केला. मला माफ करा.”

भागोजींनी हातातल्या पाकिटावर शिक्का मारला. मग म्हणाले, “केलं माफ, मास्तर. रांग खोळंबलीय.”

ते पुन्हा येऊ लागले. प्रश्नही विचारतात. पण माझ्या ओळीवर त्यांनी परत कधी बोट ठेवलं नाही. मास्तर दर वेळी मला त्यांच्याकडे सरकवतात. भागोजी हात मांडीवर ठेवून म्हणतात, “तुम्हीच वाचा.” तेव्हा मला मिटून जावंसं वाटतं.

मित्रांनो, पुस्तकांना अधूनमधून ऊन दाखवा. आणि कुणी वाचताना अडखळलं, तर हसण्याआधी जरा वाकून पान बघा.