कच्च्या रस्त्याचे सहा नळे

अमरनाथ माळग्यांचा जीव जळत होता, आणि त्यात लपवण्यासारखं काय? बावीस वर्षं पुलांच्या साइटवर उन्हात काढली, अन् माकणी धरणाच्या खालच्या पुलाचं गणित मालकानं सोपवलं कुणाला? तर परवा कॉलेजातून आलेल्या भैरवीला! खांब उभे होईस्तोवर ट्रकसाठी नदीत मुरमाचा कच्चा रस्ता टाकायचा, पाणी जायला त्याखाली सिमेंटचे किती नळे लागतात ते काढायचं अन् परवानगी आणायची. एवढंच काम. पण मालक चारचौघांत म्हणाले, "पोरीचं डोकं लई तेज आहे." माळग्यांबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं.

सोमवारी तिनं कागद पुढं ठेवले. "काका, एकदा नजर टाका ना."

पावसाचं गणित चोख होतं. उन्हाळ्यात नदी कोरडी, म्हणून सहा नळे. पण एप्रिलात खालच्या बंधाऱ्यांसाठी धरणातून नदीत पाणी सोडतात, ते तिनं धरलंच नव्हतं. सहा नळ्यांत ते मावलं नसतं. रस्ता फुटला असता, अन् त्याच्या खालच्या अंगाला खांबांच्या खड्ड्यात माणसं असणार होती.

"झकास," माळगे म्हणाले. परवानगी देणारे साहेब चूक धरतील, चांगली फजिती होईल, मग कळेल तेज डोकं.

गुरुवारी दोघं परवानगीला गेले. साहेब नवे, लांबच्या जिल्ह्यातून बदलून आलेले. त्यांनी पानं उलटली, चार प्रश्न विचारले, भैरवीनं धडाधड उत्तरं दिली. साहेबांनी पेन उचललं.

"माळगे, तुम्ही जुने. बघितलंय ना?"

"काकांनी सोमवारीच तपासलंय," भैरवीच कौतुकानं म्हणाली.

माळगे पेचात पडले. गप्प बसावं, तर खड्ड्यातली माणसं. बोलावं, तर सोमवारचं झकास गळ्यात.

"सही करू नका, साहेब. एप्रिलात धरणाचं पाणी येतं. ते यात न्हाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. भैरवी माळग्यांकडं वळली. "तुम्हांला सोमवारी ठाऊक होतं?"

विसरलो म्हणता आलं असतं. वयाला शोभलंही असतं.

"व्हय. तुझी फजिती व्हावी म्हणून बोललो न्हाय."

तिनं कागद परत पुढ्यात ओढले. साहेबांनी फोन करून धरणाचा आकडा मागवला, तिनं तिथंच बसून गणित पुन्हा मांडलं. अकरा नळे. माळग्यांना दोन दिवस लागले असते. शरमेनं मान वर होत नव्हती, तरी तेवढं त्यांना टोचलंच.