वाळुंजावरचे सहा

वर्तकनगरच्या त्या दोन खोल्यांत सध्या एका खोक्यात सहा सुरवंट मुक्कामाला होते. काटेरी, तपकिरी आणि भारी खादाड. प्रभाकररावांच्या नातीने, क्षिप्राने, ते शहाडहून आणले होते, उल्हास नदीकाठच्या वाळुंजाच्या झाडांवरून.

"बिबळ्याच ना गं हा?" प्रभाकररावांनी विचारलं. नारिंगी पंखांवर काळे ठिपके असलेलं ते फुलपाखरू त्यांनी सोसायटीच्या बागेतही पाहिलं होतं.

"त्याचा भाऊबंद असेल, आजोबा. घाटातला, दुर्मीळ. सुरवंट असताना दोघे सारखेच दिसतात, पंख फुटले की कळतं. तो निघाला ना, तर पंधरा दिवसांनी सुनावणीत दाखवू; मग झाडं तोडायची कोणाची टाप नाही!"

पालिकेला नदीकाठ सुशोभित करायचा होता. बाकडी, दिवे, फरश्या. त्यात वाळुंजं आड येत होती.

शुक्रवारी क्षिप्रा कामाला पुण्याला गेली. जाताना बजावून गेली, "फक्त पानं घालायची. बाकी काही नाही."

शनिवारी संध्याकाळी प्रभाकरराव देवळातून कीर्तन ऐकून आले. बुवांनी भूतदयेचं निरूपण असं लावलं होतं की सगळी सभा डोळे पुसत उठली. तोच भाव घेऊन ते खोक्यापाशी गेले, तर मुंग्यांची रांग!

"अहो, मुंग्यांच्या खडूची रेघ ओढा," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"मरतील ना बिचाऱ्या. आत्ता काय ऐकून आलो, आणि घरी येऊन हे करू?"

त्यांनी देवघरातल्या डबीतून कापराच्या चार वड्या घेतल्या, खोक्याच्या चार कोपऱ्यांत ठेवल्या आणि झाकण लावलं. मुंग्या निघून गेल्या. कोणाचाच जीव गेला नाही, या समाधानात ते जेवायला बसले.

रविवारी पानं तशीच होती. "कोश करायची वेळ झाली, उपास धरलाय त्यांनी," असं त्यांनी बायकोला कौतुकाने सांगितलं.

सोमवारी सकाळी पुण्याहून येताच क्षिप्राने झाकण काढलं. सहाही जण तळाशी आकसून पडले होते.

"माझंच चुकलं. पानं धुवायला हवी होती. औषध फवारलेली असणार," ती स्वतःलाच बोल लावत राहिली. प्रभाकररावांना गप्प बसता आलं असतं.

"मी कापूर ठेवला होता गं," ते म्हणाले. "मुंग्यांसाठी."

तिने खोकं नाकाशी धरलं. "वास आला होता मला दारातच. वाटलं, देवघरातला असेल."

मग पिशवी उचलून ती म्हणाली, "चला. अजून असतील झाडांवर."

दुपारी दोघं शहाडला पोचली. वाळुंजं आडवी झाली होती. बऱ्याच फांद्या टेम्पोने गेल्याही होत्या.

"कालच उरकलं, बाबा," तिथला माणूस तंबाखू मळत म्हणाला. "रविवारचा कोण येत नाय बोंबलायला."

क्षिप्रा उरलेल्या फांद्यांत शिरली. चौऱ्याहत्तर वर्षांचे प्रभाकररावही गुडघे टेकून एकेक पान उलटू लागले.

"क्षिप्रा, कोश! हा बघ!"

ती धावत आली. पान तिने हलकेच वळवलं. पापुद्र्यासारखा कोश, मागून चिरलेला. आत कोणी नव्हतं.

"निघून गेलाय."

"पण कुठला होता? बिबळ्या की घाटातला?"

"आता नाही सांगता येत, आजोबा."

त्यांनी पुढची फांदी ओढून घेतली. पानं हातातच चुरगळली.