रापणीचं देणं

मथुराकाकींनी घर विकायचं ठरवलं तेव्हा आधी किशोरीलाच विचारलं. "भाड्यान पाच वर्सां रवलंस, पयलो हक्क तुझो. पण दिवाळीपर्यंतच हां गो. झिलान मुंबयसून गिराईक हाडल्यान हा, हॉटेल बांधतलो." काकींच्या मुलाने गिऱ्हाईक आणलंच होतं. शिरोड्यातल्या त्या दोन खोल्यांत किशोरीची मुक्ता रांगायला, चालायला शिकली होती. अंगणवाडी दारातून दिसायची. दिवसातून दहादा मुलगी श्वास नीट घेतेय ना ते बघणाऱ्या किशोरीला दारातून दिसणारी अंगणवाडी म्हणजे अर्धं औषधच होतं.

म्हणून तिच्या नवऱ्याच्या, देवेशच्या, नावाने गृहकर्जाचा अर्ज गेला. चौथ्या दिवशी बँकेतल्या कैनात मॅडमनी दोघांना बोलावून त्याचा क्रेडिट रिपोर्ट समोर ठेवला.

"हे जुनं कर्ज तुम्ही बुडवलंय असं दिसतंय."

"ता माझा नाय," देवेश गडबडून मालवणीतच बोलला. "ता रापणीचा."

रिक्षा घेण्याआधी तो बाबलीकाकांच्या रापणीत होता. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी दोर धरून ओढायचं मोठं जाळं, आणि ते ओढणाऱ्यांचा गटही. मासळीचे वाटे पडतात, दोर सोडला की वाटा बंद. सात वर्षांपूर्वी नव्या जाळ्यासाठी एका सहकारी बँकेचं कर्ज काढलं, त्यावर पाच जणांच्या सह्या होत्या. पुढच्या वर्षी देवेशने दोर सोडला. वाटा गेला तसं देणंही गेलं, असं त्याने धरलं. रापणीत तसंच असतं.

"बँकेला रापण कुठे माहीत?" कैनात मॅडम हसल्या, त्यांचे वडीलही मासळीच्या धंद्यातलेच. "सही आहे, म्हणजे कर्ज तुमचंही."

"पण बँकेन सोडून दिल्यान, असा बाबलीकाका म्हणत होते."

"बुडीत धरलं. माफ नाही केलं."

पुढे एका वादळाच्या वर्षी हप्ते थकले, मग कोणी विचारायला आलं नाही, आणि न विचारणं म्हणजे सुटणं असं सगळ्यांनी समजून घेतलं होतं. आता व्याजासकट अडतीस हजार चारशे. किशोरी उठताना मॅडम हळूच म्हणाल्या, "ते लोक म्हणतील, थोडे भरा आणि मिटवा. तसं करू नका. सगळे भरा, रिपोर्टवर खातं 'बंद' झालं असं येऊ द्या. 'सेटल्ड' आलं तर माझे वरिष्ठ फाईल परत पाठवतील." सांगायलाच हवं असं नसतानाही त्या बाईने हे एक वाक्य सांगितलं. ते किशोरी बसमध्ये चारदा मनात घोळवत राहिली.

पण घरात अकरा हजारच होते. आणि बाबलीकाकांकडे जायला देवेश तयार होईना. "दोर सोडून गेलंय, आता खंयच्या तोंडान जाव?"

मग सकाळी मुक्ताचा हात घट्ट धरून किशोरीच किनाऱ्यावर गेली. जाळं नुकतंच वर आलं होतं.

"काय गो," बाबलीकाका ओरडले, "रिक्षावाल्याची बायल रापणीर? पेट्रोल संपला काय?"

सगळे हसले. किशोरीने रात्रभर जुळवलेली वाक्यं बाजूलाच राहिली. तिने नुसता रिपोर्ट पुढे केला आणि जमेल तसं सांगितलं. घर, दिवाळी, अडतीस हजार.

सही करणाऱ्यांतला सत्यवान म्हणाला, "इतकी वर्सां कोण इलो नाय. आता कित्याक उकरून काढतंस? आमका खंय कर्ज व्हया?"

बाबलीकाकांनी हातातला दोर खाली ठेवून सत्यवानाकडे बघितलं. आता तेही नाही म्हणतील, असं किशोरीला वाटलं.

"सत्या, जाळा कोणी ओढल्यान?"

"आमी."

"मासळी कोणी खाल्ली?"

"आमीच. पण..."

"मगे पण खंयसून इलो?" ते किशोरीकडे वळले. "बाय, रापणीत जाळ्याचो एक वाटो आसता, माणसांच्या वाट्यांबरोबर. तो जाळ्याच्या दुरुस्तीक. ह्या जाळ्याचा कर्ज जाळाच फेडतला. बांगडो लागलो हा. पंधरा दिवस तो वाटो कोण उचलूचो नाय."

सत्यवान पुटपुटला, पण हात त्यानेही वर केला.

अठराव्या दिवशी, रक्कम जमल्यावर, चौघे त्या सहकारी बँकेत गेले: बाबलीकाका, सत्यवान, देवेश आणि ती. तिथले साहेब म्हणाले, "एकरकमी वीस हजार भरा, सेटल करून टाकू."

"घे गो!" सत्यवानाने कोपर मारलं. "अठरा हजार वाचले!"

देवेशही तिच्याकडे बघायला लागला. वाचलेल्या पैशांत घराच्या कागदांचा खर्च निघाला असता. पण किशोरी म्हणाली, "नको साहेब, पूर्ण घ्या. आणि ना-देय दाखला द्या, पाचही नावांनी."

सत्यवान काही बोलणार, तोच बाबलीकाका म्हणाले, "ता सांगता ता कर. आमी कागद वाचूक नाय म्हणान तर हय इलंव."

नोंद सुधारायला महिना गेला. त्या महिन्यात किशोरी रोज एकदा तरी बँकेला फोन करायची, आणि कैनात मॅडम रोज शांतपणे "अजून नाही" म्हणायच्या. दिवाळीच्या सहा दिवस आधी त्यांचाच फोन आला. थकलेल्या हप्त्यांची जुनी खूण आणखी काही वर्षं दिसेल, त्यामुळे व्याज थोडं जास्त पडेल. पण खातं बंद, बाकी शून्य. कर्ज मंजूर.

मथुराकाकींना सांगून ती पेढे घेऊन किनाऱ्यावर धावली. आभार मानायला तोंड उघडलं तर रडूच आलं.

"गो, रडतंस कित्याक? हप्ते भरूचे आसत म्हणान?" बाबलीकाकांनी पेढा मोडून अर्धा मुक्ताच्या हातावर ठेवला. "तुझ्यामुळा आमच्या चौघांचाय नाव धुवून निघाला. माझ्या झिलाक होडयेचा इंजिन घेवचा आसा. तुझी ती मॅडम आमका दारात उभे करतली काय?"

"करतली," किशोरी डोळे पुसत म्हणाली. "उद्याच जाऊया. मी येतंय तुमच्यावांगडा."