डावा गाल

चेहरा धुण्याचं पार्लरवालीचं शास्त्र ठरलेलं होतं आणि त्या बाबतीत तिनं देवाचंही ऐकलं नसतं. आधी आपले हात धुवायचे. पाणी कोमट घ्यायचं. फेस तळहातावर करायचा, गालावर नाही. मग हनुवटी, उजवा गाल, नाकाच्या कडा, डावा गाल आणि शेवटी कपाळ. बोटांच्या टोकांनी, खालून वर. "चेहरा आहे बाई, करपलेलं पातेलं नव्हे," असं ती हाताखालच्या मुलींना इतक्यांदा सुनवायची की मुली तिच्या पाठीमागे तिची नक्कल करत.

आता हे सगळं शास्त्र नवऱ्याच्या वाट्याला आलं होतं. तो एका हॉटेलातल्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायचा. उन्हाळ्यात त्याला झटका आला. हातपाय वाचले, पण तोंडाची डावी बाजू बधिर झाली. फुंक मारली की हवा ओठाच्या कोपऱ्यातून निसटायची. डॉक्टर म्हणाले, "रोज गालावर हात फिरवा, डोळे मिटायला लावून हात कुठे आहे ते विचारा. जाणीव परतली तर अशीच परतेल." त्यातला 'तर' तिनं ऐकून न ऐकल्यासारखा केला.

बरेच दिवस डाव्या गालाशी तो गप्पच राहायचा. मग एका सकाळी मिटल्या डोळ्यांनी म्हणाला, "आता डाव्या गालावर आहेस." तिला आकाश ठेंगणं झालं. त्यानंतर तो रोज बरोबर सांगू लागला. त्याच भरवशावर तिनं वाद्यवृंदाच्या मास्तरांना शब्द दिला, की जागा भरू नका, येतंय हळूहळू. मास्तर भला माणूस. हॉटेलवाल्याची बोलणी खाऊन त्यांनी खुर्ची रिकामी ठेवली होती. आज ते शेवटचं विचारायला येणार होते.

म्हणून सकाळी तिची जरा घाईच झाली. हनुवटी झाली, उजवा गाल झाला, नाक झालं, आणि ओल्या हातातून टॉवेल निसटून खाली पडला. ती उचलायला वाकली.

"डावा गाल," नवरा म्हणाला. "आज गार लागतंय."

ती वाकलेलीच राहिली. तिचे दोन्ही हात टॉवेलवर होते. त्याचे डोळे मिटलेले होते आणि शाबासकीची वाट बघत तो बसला होता. तिनं फेस धुऊन काढला आणि चेहरा टिपला.

मास्तर आले, टेकले, पाणी प्यायले. "वहिनी, तुम्ही सांगाल ते खरं. कधी येतोय हा?"

नवरा घाईनं म्हणाला, "विचारा तिला! आज तर पाणी गार लागलं."

"दुसरा माणूस बघा, मास्तर," ती म्हणाली.

मास्तरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. चपला घालताना "येत जा भेटायला" एवढंच ते म्हणाले.

दार लागल्यावर तिनं विचारलं, "तुम्हाला कळायचं कसं हो, माझा हात कुठे आहे ते?"

"अगं, तू कधी क्रम चुकली आहेस का? नाक झालं की डावा गाल."

"आणि खोटं कशाला बोललात?"

"त्या दिवशी धुता धुता रडत होतीस. माझ्या हातावर थेंब पडला. म्हटलं, हिला काहीतरी सांगावं. मग रोजच सांगावं लागलं."

तिला त्याचा राग आला, त्याच्यापेक्षा स्वतःचा आला, आणि तो काढायला घरात दुसरं कुणी नव्हतं. "मग इतके महिने मी काय करत होते?"

"तोंड धूत होतीस," तो म्हणाला. "छान धुतेस."

"उद्यापासून तुमचं तुम्ही धुवा. हात धड आहेत ना?"

त्यानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी त्यानं खरंच आपलं आपण धुतलं. चहाला येऊन बसला तेव्हा डाव्या गालावर कानापर्यंत फेस वाळलेला होता. तो कपात फुंकर घालत होता आणि त्याला फेसाचा पत्ताही नव्हता.