ताडपत्रीखालची रोपं

ऑस्बर्ट लेंडोर खासदार झाला तेव्हा आमच्या मॉर्न लाँगमध्ये एकही ढोल वाजला नाही. तो खालच्या फाँटेन गावचा. जायफळाच्या वखारीत माझ्या नवऱ्याबरोबर, गिफर्डबरोबर, त्यानं पोती उचलली होती. मग ट्रकच्या टपावर उभा राहून भाषणं ठोकायला लागला. शेतकऱ्याला रस्ता हवा, वाळवणीला छप्पर हवं, म्हणून राजधानीपर्यंत भांडला. लोक टाळ्या वाजवायचे. गिफर्ड म्हणायचा, "टपावर चढलेला माणूस उतरतो तो थेट खुर्चीत. बघत राहा."

आम्ही त्याला मत दिलं नव्हतं, आणि हे त्याला ठाऊक होतं.

पुढच्याच वर्षी वादळानं ग्रेनेडातली जायफळं आडवी केली. आमच्या उतारावर एक झाड उभं राहिलं नाही. लेंडोरनं संसदेत आकांडतांडव करून रोपं मिळवली. ट्रक फाँटेनवरूनच वर येतो; आमच्याकडे पोचला तेव्हा निम्मा रिकामा होता. खाली फाँटेनमध्ये ताडपत्रीनं झाकलेली रोपं उतरवली जाताना गिफर्डनं वळणावरून पाहिलं होतं.

"ताडपत्री कशाला रे?" त्यानं ट्रकबरोबर आलेल्या लेंडोरला विचारलं.

"रोपांना ऊन लागतं."

"आमच्या रोपांना नाही लागत?"

लेंडोर हसून माझ्याकडे वळला. "वहिनी, याला जरा कोको पाजा. डोकं थंड होईल."

आम्ही रोपं लावली. बियांपासून केलेलं जायफळाचं रोप नर की मादी, हे फुलं येईपर्यंत कुणालाच कळत नाही, आणि फुलं यायला वर्षं जातात. तोवर केळी आणि कोनफळांवर दिवस काढले. लेंडोर मधे पुन्हा निवडून आला. शेवटी फुलं आली आणि गळून गेली. आमच्याकडची बहुतेक झाडं नर निघाली होती. फाँटेनमध्ये मात्र झाडन् झाड फळलं.

"निम्मी तरी नर निघायला हवीत की नाही?" गिफर्ड म्हणाला. "त्यांच्याकडे एकही नाही?"

फावडं घेऊन तो खाली निघाला, मीही मागोमाग गेले. फाँटेनची फिलोमिना माझी लांबची मावशी. तिच्या शिव्या खात गिफर्डनं एका झाडाचं बूड उकरलं. मुळं सगळी आडवी पसरलेली, सोटमूळ नाहीच.

"मावशी, हे बियांचं नाही. गुटीचं आहे." म्हणजे मादी झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप, ते फळणारच.

फिलोमिनानं ओठ आवळले. "ऑस्बर्टनं सांगितलं होतं, वरच्यांना बोलू नका. मी बोलले नाही. तू खणलंस."

निवडणूक तोंडावर होती. लेंडोर आमच्या रमच्या दुकानापुढे सभेला आला आणि गिफर्डनं सगळ्यांदेखत त्याला विचारलं. लेंडोरनं टोपी काढली.

"गुटीची रोपं थोडीच होती. ज्या गावानं मत दिलं, त्याला दिली. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही बियांची लावलीच नसती."

"म्हणजे आमच्या भल्यासाठी खोटं बोललास!"

मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब, माझे नर घेऊन जा! त्यांनाच मतदान करायला लावा!"

सगळे हसले. लेंडोरनंही हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. त्या निवडणुकीत तो पडला.

निकालानंतर थोड्याच दिवसांत तो पायी वर आला. हातात चाकू, ओल्या फडक्यात हिरव्या काड्या.

"नर झाडाच्या सालीत मादीच्या काडीवरचे डोळे बसवतो, त्यातून फुटलेली फांदी फळेल," म्हणाला. "जमतं."

"आता काय हवंय तुला?" गिफर्डनं विचारलं.

"काही नाही."

"काही नको असलेला पुढारी अजून जन्माला यायचाय."

मी मधे पडले. "त्या टोकाच्या झाडावर कर. मेलं तरी चालेल."

लेंडोर सालीत डोळे बसवत होता आणि गिफर्ड खाली दगडावर बसून त्या चाकूकडे असा बघत होता, जणू पात्याला विष लावलंय. बरेचसे डोळे वाळले, काही धरले. तो येत राहिला, आमच्याकडचा भाजलेला नीरफणस खाऊन जात राहिला. मग शेजारीही त्याला बोलावू लागले. पण राखणीला एक माणूस ठेवूनच.

टोकाच्या झाडाचं पहिलं फळ उकललं, आत लालभडक जायपत्री. ते हातात घेऊन मी उभी राहिले. कुणाचे आभार मानावे कळेना.

पुढच्या निवडणुकीला लेंडोर पुन्हा उभा राहिला. गिफर्ड धावत घरी आला, जवळजवळ आनंदानंच. "सांगितलं नव्हतं? मी सांगितलं नव्हतं?"

लेंडोर मत मागायला आला तेव्हा मी स्पष्टच विचारलं. "खरं सांग, झाडांवर डोळे मतांसाठीच बसवलेस ना?"

"पहिलं झाड लाजेनं केलं, वहिनी. नंतर मतांचा विचार मनात आलाच नाही असं म्हटलं, तर विश्वास ठेवाल?"

"नाही."

"मग नाही म्हणत."

मी त्याला मत दिलं. गिफर्डनं कुणाला दिलं, ते त्यानं आजवर सांगितलेलं नाही. लेंडोर निवडून आला आणि संध्याकाळी रमची बाटली घेऊन आमच्या ओसरीवर बसला. गिफर्डनं तीन पेले भरले. एक लेंडोरपुढे सरकवला.

"आधी तू."

लेंडोरनं एका घोटात पेला रिकामा केला. गिफर्ड त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यानं आपला पेला उचलला.