गाभ्याचं पाणी

"कान लाव, पूर्णे. बरफ बोलाय लागलंय बघ."

हा आवाज बावीस वर्षांपूर्वीचा. पूर्णिमा तेव्हा सहा वर्षांची होती. बर्फाच्या कारखान्यात पिराजीमामानं तिला उचलून लाकडी फळीवर उभं केलं होतं, आणि समोर होती नुकतीच पत्र्याच्या उंच डब्यातून निघालेली बर्फाची लादी, तिच्याच उंचीची, अंगावरून धुकं सांडणारी. तिनं कान टेकवला. आत किट्‌ किट्‌ होत होतं. कुणीतरी खोल विहिरीच्या तळाशी बसून जोंधळ्याच्या लाह्या भाजत असावं, तसं.

"काय म्हणतंय, मामा?"

"मला कुठं कळतंय? तू शीक आनि मला सांग."

ती शिकली. पुण्यात भूशास्त्र केलं, आणि आता अहमदाबादला गुरू-शनीच्या बर्फाळ चंद्रांवर संशोधन करते. त्या चंद्रांना बर्फाचं जाड कवच असतं. कवचावर शेकडो कोस लांब भेगा, भेगांच्या कडेनं तांबूस डाग. आणि खाली, अंधारात, खारा समुद्र. पाणी गोठताना त्यातलं मीठ कुठं जातं, आणि भेगेतून वर कसं येतं, एवढाच तिचा प्रश्न. एवढाच, पण झोपेतून उठवून विचारला तरी तिचे डोळे चमकतील असा.

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या तिच्या घरच्या इमारतीत खालच्या मजल्यावर बाळासो राहतात. ती सुट्टीला आली की जिन्यात अडवतात.

"काय गं, तुझ्या त्या चंद्रावर प्लॉट पडलं का न्हाईत अजून?"

"अजून एनए झालं नाही, काका."

"झालं की सांग. कॉर्नरचा बघू."

प्रयोगशाळेत वाटीभर पाणी गोठवून तिचं समाधान होईना. तिला मोठा बर्फ हवा होता, सावकाश, बाहेरून आत गोठत जाणारा. आणि मग एक दिवस तिला तो लाह्यांचा आवाज आठवला.

थंडीत बर्फाला गिऱ्हाईक कमी. त्या कारखान्याचे मालक हंबीरराव म्हणाले, "आठ डबे घे. पण लग्नसराईच्या आत आवर, न्हाईतर नवरदेवाच्या मठ्ठ्यात तुझं औषध जायचं." तिनं प्रत्येक डब्यात तीन किलो क्षार विरघळवला, आणि डबे चार-चार करून मिठाच्या थंडगार पाण्याच्या टाकीत सोडायचं ठरवलं. पिराजीमामा तिथं चौतीस वर्षं काम करतो. चंदगडचा माणूस, पावसात वाढलेला, आणि पोटाला गोठलेलं पाणी.

पहिले चार डबे गोठत होते तेव्हा ती दोन दिवस टाकीपाशी बसून होती. कडेनं काचेसारखा बर्फ धरत गेला, आणि मधोमध गढूळ, खारट पाणी उरलं. मामा मागं येऊन उभा राहिला.

"उपसू का?"

"काय?"

"गाभ्याचं पानी. उपसून गोडं पानी भरतूय आमी. मग लादी आरपार दिसती."

"नको मामा, राहू द्या."

 मामा कमरेवर हात ठेवून नुसता बघत राहिला. त्याची कंबर दोन वर्षांपासून दुखत होती, घरात सगळ्यांना माहीत होतं.

लाद्या निघाल्या तेव्हा हंबीरराव तिथंच होते. पांढरट, धुरकट पोटाच्या त्या चार लाद्या बघून ते मोठ्यानं म्हणाले, "काय हे पिराजी? सगळ्या कोल्हापूरला काचंगत बरफ, आनि भाचीला असला? अहमदाबादवालं काय म्हनतील?" लाद्या उचलणाऱ्या चेनपुलीवरचा गडीसुद्धा हसला. पूर्णिमाही हसली. तिला हवा होता तसाच बर्फ झाला होता. तिनं करवतीनं चकत्या पाडल्या, वितळवल्या, क्षार मोजला. बाहेर कमी, आत जास्त. अपेक्षेप्रमाणे.

दुसरे चार डबे टाकीत गेले आणि तिला कोडोलीला मावसबहिणीच्या लग्नाला जावं लागलं. "मामा, लक्ष ठेवा फक्त," ती म्हणाली.

परत आली तेव्हा लाद्या तयार होत्या. काचेसारख्या. आणि मापं घेतली तर पोटात क्षारच नाही! प्रत्येक डब्यात तीन किलो घातलेला, सापडला दीड. बाकीचा दीड किलो गेला कुठं?

आठवडाभर तिला दुसरं काही सुचलं नाही. भाकरीचा तुकडा हातात धरून ती तशीच बसायची. लाद्यांचे फोटो मोठे करून बघताना तिला एक भेग दिसली, केसासारखी बारीक, वरच्या तोंडापासून थेट गाभ्यापर्यंत गेलेली. चारही लाद्यांत. मग लख्खकन उजेड पडला. गाभ्यातलं खारं पाणी दाबानं या भेगेतून वर आलं असणार. लादी डब्यातून सुटावी म्हणून डबा साध्या पाण्याच्या टबात बुडवतात, तिथं ते धुऊन गेलं असणार. म्हणजे जे तिकडं कोट्यवधी कोसांवर घडत असेल असं सगळे नुसतं म्हणतात, ते इथं एका डब्यात घडलं होतं!

तिच्या मार्गदर्शक संयोगिता मॅडमनी फोनवर विचारलं, "चारही लाद्या तशाच?"

"चारही."

"मग निबंध लिहून पाठव. शुक्रवारी पाचपर्यंत. पूर्णिमा, हे टिकलं ना, तर ती दोन वर्षांची जागा तुझी."

ती जागा म्हणजे गुरूच्या चंद्रांकडं निघालेल्या यानाच्या मापांवर काम करायची. यान पोचेल तेव्हा कुठं बघायचं हे ठरवणाऱ्या माणसांत बसायची.

शुक्रवारी चार वाजता ती कारखान्यात आली. पुण्या-अहमदाबादेत ती "येते, जाते" म्हणते. पण कारखान्याच्या दारात पाय पडला की जीभ आपोआप घरी येते, "येतो, जातो" म्हणते.

"मामा, मी आलो ओ! टबाचा एक फोटो काढतो आणि जातो."

आत शालूमामी मामाचा जेवणाचा डबा घासून ठेवत होती. मामी जात्यावरच्या ओव्यांत वाढलेली. आता जातं नाही, पण हाताला काम लागलं की गळा सुरू होतो.

*वरनं ग गोठलं पानी, आतलं जागं ऱ्हाईलं,*
*पोटातलं गूज त्येचं कुनी न्हाई आईकलं.*

"मामी, हे कधी जुळवलंस?"

"तू रोज सांगतीयास तेच की. मी नुसती चाल लावली." मामी नवऱ्याकडं बघून म्हणाली, "ह्येंनी चार दिस झालं तोंड उघडलं न्हाई. बघ तुला काय बोलत्यात का." आणि पिशवी घेऊन निघून गेली.

पूर्णिमानं टबाचा फोटो काढला. पेनाएवढं यंत्र पाण्यात बुडवून क्षार मोजला. नव्हता. "मामा, हे पाणी कधी बदलता?"

"रोज सकाळी."

"तरीच. इथं सापडला असता तर चैनच झाली असती." ती कोपऱ्यातल्या निळ्या बॅरलवर चढून बसली. बॅरलवर पोतं टाकलेलं होतं, पोत्यावर फळी. मांडीवर लॅपटॉप उघडला. "बसा ना, मामा. तुम्हाला नीट सांगायचं राहिलंच होतं, बर्फ काय म्हणतो ते."

मामा बसला नाही. लादी ओढायचा लोखंडी आकडा हातात धरून उभा राहिला. तिनं सांगितलं. भेग, गाभा, दाब, वर येणारं खारं पाणी. सांगताना तिचे हात हवेत लादी रचत होते.

"म्हंजे," मामा सावकाश म्हणाला, "त्या चंद्राच्या पोटातलं पानी वर येतंय, हे तू आपल्या ह्या बरफावरनं सांगनार?"

"असं घडू शकतं, एवढं सांगणार."

"आनि मग ते यान तितं बघाय जानार."

"लगेच नाही ओ. पण लोक म्हणतील, भेगेपाशी आधी बघा."

"आनि तितं काय न्हाई घावलं तर?"

"तर नाही घावलं. मग का नाही, ते शोधायचं."

"लई लांब हाय न्हवं ते?"

"पोचायलाच काही वर्षं लागतात."

मामानं शेजारच्या लादीवर आकड्याच्या लाकडी मुठीनं ठोकलं. टण्ण. पुन्हा ठोकलं, जसं काही लादीनंच काहीतरी बोलावं. "चा घेतीस?"

"पाठवतो आणि घेतो. पाऊण तास आहे." ती टाइप करू लागली. "शेवटी आभार असतात, मामा. त्यात तुमचं नाव घालतो. गोठण्याची सगळी देखरेख तुमची. पूर्ण नाव सांगा. वडलांचं नाव कसं लिहू?"

मामानं आकडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मामा?"

"नाव नगो घालूस."

"का ओ? लाजताय काय? सगळं जग वाचेल."

"म्हनूनच नगो."

तिची बोटं थांबली. मामा तिच्याकडं बघत नव्हता. तो त्या स्वच्छ, आरपार दिसणाऱ्या लादीकडं बघत होता, आणि पूर्णिमाही मग तिकडंच बघू लागली. काचेसारखी. पहिल्या चार धुरकट, ह्या चार काचेसारख्या. हे तिनं पाहिलं होतं, लिहून ठेवलं होतं, आणि त्याचं कारण क्षार निघून गेला हे धरलं होतं. कसा, ते भेगेला विचारलं होतं. माणसाला विचारलं नव्हतं.

"मामा, मी कोडोलीला गेलो होतो तेव्हा..."

"मालक सगळ्यांम्होरं बोललं," मामा म्हणाला.  "चौतीस वर्सांत धुराच्या पोटाची लादी माझ्या हातनं गेली न्हाई, आनि गेली ती तुझी. मला वाटलं, माझ्या कमरंपायी नको म्हनतीयास तू. जीव ऱ्हाईना. मग तू एवढी खूश झालीस, रोज सांगत सुटलीस, आनि माझं तोंडच शिवलं." त्यानं आकडा भिंतीला टेकवला. "गाभ्याचं पानी मीच उपसलं, पूर्णे. चारी डब्यांचं. ती भेग गोडं पानी गोठताना पडतीया, नेहमीची हाय. आनि तुझं मीठ कुठं गेलं न्हाई. तुझं म्हनून वतून दिऊ वाटलं न्हाई मला. तू बसलीयास, त्या बॅरलात हाय."