पिवळं फडकं

मी एक जुनी पट्टी आहे. मित्रांनो, तोंडं वाकडी करू नका! मी इस्लामपूरच्या नाथाजी आबांच्या गाडीत, बॉनेटखाली इंजिनात खोचलेली ऑइलची पट्टी आहे. माझ्या टोकाला दोन खुणा आहेत. तेल त्यांच्या मधे दिसलं की इंजिन खूश.

आबा फौजेत ड्रायव्हर होते. ते रोज सकाळी मला ओढून काढायचे, पुसायचे, पुन्हा बुडवायचे आणि मगच बघायचे. तेल दोन बोटांत चोळून त्याचा वासही घ्यायचे. तेव्हा मी कुणावर म्हणून जळत नव्हते!

मग आबांचे गुडघे दुखू लागले. किल्ली नातवाकडे, धैर्यशीलदादाकडे गेली आणि दादाने गाडीत बसवली स्क्रीन. गाणी काय लावते, नकाशा काय दाखवते! तिला पुसायला खास मऊ, पिवळं फडकं. आणि मला? फाटक्या बनियनची चिंधी. चार-चार महिने तीही नाही! त्या स्क्रीनचं गाणं सुरू झालं की माझा नुसता तिळपापड व्हायचा.

गेल्या रविवारी सगळे औंधला यमाईच्या दर्शनाला गेले. परत निघताना गाडी उतारावर, तोंड खाली करून उभी होती.

"धैर्या, तेल बघ रं आदी," आबा म्हणाले.

दादाने मला उपसलं आणि न पुसताच एक नजर टाकली. "फुल्ल हाय आबा! लय भारी!"

लय भारी! मला! स्क्रीनने ऐकलं असेल का, हाच माझा पहिला विचार. पण मित्रांनो, मला खरं ठाऊक होतं. उतारामुळे उरलंसुरलं तेल माझ्या बाजूला गोळा झालं होतं. असंच निघाले असते, तर इस्लामपूर येण्याआधीच इंजिन जाम झालं असतं. आणि सांगायला मला तोंड कुठे आहे?

इतक्यात दादाची बहीण अंकिता पुढे आली. ती नववीत आहे. "दादा, उतारावर कोण तेल बघतं? आबांनी शिकवलेलं विसरलास व्हय? गाडी सपाटीला घे."

"आली मोठी मेस्त्रीण!"

"घे तर खरं. तेल कमी नसलं तर महिनाभर गाडी मी धुते."

गाडी सपाटीला आली. इंजिन बंद करून सगळे दहा मिनिटं थांबले. चिंधी काही सापडेना. अंकिताने सरळ पिवळं फडकं उचललं.

"ए, ते नको! स्क्रीनचं हाय ते!"

तिने ऐकलंच नाही. कडीपासून टोकापर्यंत मला पुसलं. अहाहा! मग बुडवून काढलं. खालच्या खुणेच्याही खाली जेमतेम थेंबभर तेल, डांबरासारखं काळं, बोटांत कचकचणारं.

दादाचा चेहराच उतरला. आबांनी डिकीकडे बोट केलं. तिथे त्यांनी जपून ठेवलेला ऑइलचा डबा होता. दादाने गुपचूप ऑइल ओतलं आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजात सगळं बदलून घेतलं.

मित्रांनो, गाडी सपाटीला उभी करा, जरा थांबा, आधी पट्टी पुसा आणि मग बघा. न पुसता केलेलं कौतुक मला नको.

ते फडकं तीनदा धुतलं, तरी पिवळं झालं नाही. आता ते बॉनेटखाली, माझ्या शेजारी असतं. स्क्रीन मात्र दादाच्या शर्टाच्या बाहीने पुसली जाते म्हणे. मला त्याचं काही नाही हं.

थोडंसं आहे.